मिळतलो आणि मिळाक व्हयो

अण्णा,

काल कुडाळला एका खोलीत बसून तिघांनी एका सिनेमाला पहिलं बक्षीस दिलं आणि त्या तिघांतली एक मी होते. संध्याकाळी एसटीने कणकवलीला परत येताना मला त्या दोघांचा राग येत होता. ओरोस गेलं, कसाल आलं. कसालला मालवणचा फाटा दिसला आणि माझ्या लक्षात आलं की मघापासून मनातल्या मनात मी ज्याच्याशी भांडते आहे त्याचा चेहरा त्या दोघांपैकी कोणाचाच नाही. तो तुमचा आहे. मालवण स्टँडवरच्या त्या केबिनमध्ये तुम्ही बसला आहात, पुढे माइक, कानाला फोन, आणि तुम्ही नेहमीच्या त्या शांत आवाजात काहीतरी सांगता आहात जे खरं होणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या वर्गातली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. इतक्या वर्षांनी कोणी वडिलांवर रागावत नाही. मी रागावले आहे, आणि हा राग आवरायचा माझा विचार नाही.

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. आता आपल्या जिल्ह्यातसुद्धा सिनेमाचा महोत्सव भरतो. फोनवर सिनेमा काढता येतो, त्यामुळे गावोगावची पोरं काढतात. मी एका साप्ताहिकात सिनेमावर लिहिते, म्हणून यंदा निवड समितीवर मला बोलावलं. समितीत मी, मुंबईचे एक जुने दिग्दर्शक, ते अध्यक्ष, आणि तिसरे किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचे मालक, ज्यांच्या आधाराने महोत्सव उभा राहतो. बोलावणं आलं तेव्हा मला आधी तुमची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर चांगली आठवण झाली. वाटलं, डेपोच्या कॅन्टीनमध्ये जे नुसतं बोलण्यापुरतं होतं ते आता माझ्या हातात आलं.

केबिनवर पाटी ‘वाहतूक नियंत्रक’ अशी होती, पण सगळे तुम्हाला कंट्रोलर म्हणत. कॉलेज सुटलं की घरची गाडी लागेपर्यंत मी तिथे मागच्या बाकावर बसायची. तुम्ही माइक ओढून घेता आणि शुद्ध मराठीत सांगता की कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. मग माइकवर तळवा ठेवता आणि खिडकीतून विचारता, “काय रे, काय बघलंस काल?” कारण कोल्हापूर गाडीचे कंडक्टर कोल्हापूरला वस्तीला असायचे आणि वस्ती म्हणजे त्यांच्यासाठी सिनेमा. आमच्या मालवणात जे कधी लागायचं नाही किंवा वर्षभराने लागायचं ते त्यांनी आधी पाहिलेलं असायचं. ते चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, त्यामुळे सिनेमा सांगताना मागचं संगीतसुद्धा तोंडाने वाजवून दाखवायचे. मुंबई गाडीचे ड्रायव्हर वेगळे. त्यांना गोष्ट पाहिजे, आणि गोष्टीत मारामारी पाहिजे. या दोघांचं कधी पटलं नाही. कॅन्टीनमध्ये चहाचे कप गार व्हायचे, बाहेर प्रवासी आवाज द्यायचे, आणि हे दोघे एकाच सिनेमाबद्दल असे भांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन वेगळे सिनेमे पाहून आलेत.

दिल्लीच्या पुरस्कारांचे दिवस जवळ आले की कॅन्टीनच्या फळ्यावरचा अर्धा भाग पुसला जायचा. उसळपाव आणि भजी खाली ढकलली जायची आणि वर नावं चढायची. कुठल्या सिनेमाला मिळणार, कुठल्या नटाला, कुठल्या बाईला. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला भजी द्यायची. आणि दरवर्षी भजी तुम्ही खायचात. गंमत म्हणजे तुम्ही त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नसायचा. तुम्ही फक्त ऐकायचात आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायचात. “म्हातारो मरता काय शेवटाक?” “हिरॉईन मेकप करता काय?” “इंग्रजी पेपरवाल्यांनी काय म्हटल्यानी?” मग बोटाने फळा दाखवायचात. “हेकाच मिळतलो.” का, असं विचारलं तर म्हणायचात, “हसणारी माणसां दिल्लीक चलनत नाय.” बातम्यांत नावं यायची आणि तुमचं बरोबर निघायचं. सावंतवाडी डेपोतून तुम्हाला फोन यायचे, कंट्रोलरांनू, यंदा कोण? मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा. माझ्या वडिलांना न पाहिलेलं दिसतं, असं मी मैत्रिणींना सांगायची.

एका वर्षी कोल्हापूर गाडीचे कंडक्टर चिडले. म्हणाले, “मी हरतंय ता हरतंय, पण माका आवडलो तो खंय लिवचो?” आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं ‘मिळतलो’, दुसऱ्या बाजूला ‘मिळाक व्हयो’. त्या दिवसापासून दोन रकाने झाले, मिळेल तो आणि मिळायला हवा तो. दुसऱ्या रकान्यात हरजीत नव्हती, म्हणून तिथे सगळे लिहू लागले. मुंबई गाडीच्या ड्रायव्हरांनी मारामारीचा सिनेमा लिहिला. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंनी एका नटाचं नाव सांगितलं, कारण त्याचं हसणं त्यांच्या भावासारखं होतं. कंडक्टरांनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं. तुम्ही मात्र पहिल्याच रकान्यात नाव सांगून केबिनमध्ये निघून गेलात.

तुमच्याकडून मला मिळालेलं सगळ्यात चांगलंही त्याच कॅन्टीनमध्ये मिळालं, हे मला लपवायचं नाही. आमच्या कॉलेजात एक नावाजलेला सिनेमा टीव्हीवर दाखवला होता. मी दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांसमोर बोलायला लागले. संथ आहे पण सखोल आहे, प्रतिमांची भाषा आहे, असं काय काय. तुम्ही मला मध्येच तोडलंत. “पेपरात काय इलाहा तां माका वाचूक येता. तुका काय दिसला तां सांग.” सगळे हसले. माझे कान तापले. पण तुम्ही हसला नव्हता, तुम्ही थांबला होता. मग मी सांगितलं की त्यात एक बाई सगळ्यांची जेवणं झाल्यावर भाताच्या टोपाच्या कडेला चिकटलेली शितं बोटाने काढते, तोंडात घालणार इतक्यात थांबते आणि दाराकडे बघते. दारात कोणी नसतं. तरी ती बोट पदराला पुसते. तुम्ही म्हणालात, “तां बरां बघलंस.” आजही वर्गात कोणी मूल गाइडातलं वाक्य म्हणून दाखवू लागलं की मी तुमचंच वाक्य त्याला ऐकवते, शुद्ध मराठी करून.

त्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, “अण्णा, तुमच्या मनाचो खंयचो?” तुम्ही माइक जवळ ओढलात. म्हणालात, “माझ्या मनाचा काय घेवन बसलंस? तुझी गाडी लागली बघ.” आणि शुद्ध मराठीत घोषणा सुरू केलीत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं, मोठी माणसं आपली आवड बोलून दाखवत नसतात.

आता त्या दिवसाकडे येते. तुम्ही कधी त्याच्याबद्दल बोलला नाहीत, मीही नाही. बी.ए. झाल्यावर मी पुण्याच्या एका कोर्सला अर्ज केला होता. सिनेमाचं संकलन शिकवत, म्हणजे कापायचं कुठे आणि जोडायचं कुठे ते. कंडक्टरांनी जाहिरातीचं कात्रण आणून दिलं होतं. अर्जाबरोबर एक निबंध लिहायचा होता, तो मी त्या टोपाच्या कडेवरच्या शितांवर लिहिला. मुलाखतीचं बोलावणं पोस्टाने आलं आणि मी ते हातात धरून घरून स्टँडपर्यंत आले. कंडक्टर तिथेच होते. त्यांनी वाचलं आणि तुम्हाला म्हणाले, “कंट्रोलरांनू, चेडवाक धाडा. माझ्या गाडयेन कोल्हापुराक नेतंय, थंयसून पुण्याच्या गाडयेत बसयतंय. तिकडचो कंडक्टर वळखीचो आसा.” तुम्ही कागद वाचलात, घडी घातलीत, माझ्या हातात दिलात. म्हणालात, “तिका घेवचे नाय. थंय कोणाक घेतत तां माका ठाऊक आसा.”

अण्णा, तुम्ही नको म्हणाला असता तर मी भांडले असते. ओरडला असता तर रडले असते आणि मग गेले असते, कारण मला जाता येत होतं. पण तुम्ही ते त्याच आवाजात म्हणालात ज्या आवाजात फळ्यावरचं नाव सांगायचात. रागाने नाही, मायेनेही नाही. जणू निकाल दिल्लीत लागून गेला आहे आणि तुम्हाला फोनवर कळला आहे. ज्या माणसाचं कधी चुकलं नाही त्याच्या तोंडून मी तो ऐकला.

घरी आई आडाळ्यावर बसून बांगडे कापत होती. विळी पायाखाली दाबून धरलेली, हात थांबले नाहीत. मी काही सांगायच्या आत तिला सगळं कळलं असावं, कारण रात्री तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तिने वाढता वाढता एवढंच म्हटलं, “जावंदेत तिका. नाय घेतल्यानी तर परत येतली.” किती साधं होतं ते. नाही घेतलं तर परत येईल. कोल्हापूरची गाडी परत येते, हे तर तुमच्याच माइकवरून रोज सांगितलं जायचं. तुम्ही कढीची वाटी संपवलीत आणि उठलात. तिने पुन्हा विचारलं नाही. मुलाखतीच्या दिवशी मी घरी होते, अंगणात चुलीपुढे लाकडं रचत होते, आणि कोल्हापूरची गाडी आपल्या रस्त्यावरून जाताना नेहमीपेक्षा जरा सावकाश गेली असं मला वाटलं.

मी बी.एड. केलं. मला नोकरी लागली. तेव्हा तुम्ही मला घड्याळ आणलंत. डब्यातून काढून मनगटावर बांधलंत आणि म्हणालात, “मी म्हटलंय ना, मास्तरीण होतलंस.” तुम्ही खरंच खूश होता. तुमचा अंदाज खरा ठरला होता. मी ते घड्याळ वापरलं, तासाला वेळेवर जावं लागतं म्हणून वापरलं. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते आज लिहिते. मला शिकवायला आवडतं, ती गोष्ट निराळी. पण मी मास्तरीण होणार हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं. तुम्ही दुसरं दार आधीच बंद केलं होतं, मग उरलेल्या दारातून मी बाहेर येणार हे सांगायला काय लागतं?

तुम्ही निवृत्त झाल्यावर घरी टीव्हीसमोर बसून पुरस्कारांचे सोहळे बघायचात. मी सुट्टीत आलेली असायची. पाकीट उघडायच्या आधी तुम्ही नाव सांगायचात आणि ते यायचं, आणि तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघायचात, कॅन्टीनमध्ये बघायचात तसं. एकदा मी उठून आत निघून गेले. तुम्ही मागून हाक मारली नाही. तुमच्या शेवटच्या दिवसांचं मला पुष्कळ वाईट वाटतं, पण त्या उठून जाण्याचं वाटत नाही. मला तेव्हाही ओरडून विचारायचं होतं की इतक्यांच्या मनातलं तुम्हाला कळतं, दिल्लीच्या, मुंबईच्या, डेपो मॅनेजरच्या, तर तुमच्या मनात काय आहे ते एकदा तरी सांगा.

काल काय झालं ते आता ऐका. शेवटच्या फेरीत दोन सिनेमे होते. एक समुद्राचा. म्हातारा मासेमार, त्याची होडी, त्याचा मुलगा, वरून उडत्या कॅमेऱ्याने घेतलेलं निळं पाणी. म्हाताऱ्याचं काम मुंबईच्या नामवंत नटाने केलेलं. त्याची मालवणी ऐकवत नव्हती. आमच्याकडचा कोणताही म्हातारा होडीत उभा राहून इतकी वाक्यं बोलत नाही, आणि बोललाच तर अशी बोलत नाही. बाहेर दोन ठिकाणी त्याचं कौतुक झालं होतं. दुसरा सिनेमा आरोंद्याच्या एका सुनेने फोनवर काढलेला. तिची सासू काजूच्या कारखान्यात टरफलं फोडते. काजूच्या तेलाने बोटं जळून जळून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आहेत आणि रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. काम खऱ्या सासूनेच केलं आहे. मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणतं, तेव्हा ती दुकानदारावर चिडत नाही. ती अंगठा उताणा करून स्वतःच बघते, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग शेजारच्या बाईला दाखवते आणि दोघी हसायला लागतात. हसणं थांबत नाही. मागे रांग उभी आहे आणि या दोघी हसताहेत. अण्णा, मी इतके सिनेमे पाहिले, असं हसणं मी पाहिलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, “प्रामाणिक प्रयत्न आहे. पण कॅमेरा हलतो. आणि भाषेचा प्रश्न आहे.”

मी विचारलं, “कसला प्रश्न?”

“बाहेरच्या प्रेक्षकाला कळणार नाही.”

“आपण कुडाळात बसलो आहोत,” मी म्हटलं. “इथे कोणाला कळणार नाही ते सांगा.”

ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, “बाई, भावना बाजूला ठेवू. हा समुद्राचा सिनेमा यंदा राज्याचा पुरस्कार घेणार, दिल्लीतही नाव येईल, हे मी तुम्हाला आज लिहून देतो. आपण आधी दिलं तर उद्या लोक म्हणतील, सिंधुदुर्गाने पहिलं ओळखलं. महोत्सवाची पत वाढेल. काजूचा कुठेच येणार नाही. त्याला देऊन आपण एकटे पडू.”

मला क्षणभर कळेचना की मी काय ऐकते आहे. आम्ही पुरस्कार देणारे होतो. जे कोणाला देतील याचा अंदाज कॅन्टीनमधली माणसं बांधतात, ते आम्ही. आणि आम्हीच तिथे बसून दुसरे कोणाला देतील याचा अंदाज बांधत होतो. ते दुसरेही कुठेतरी असंच बसत असतील, तिसऱ्यांकडे कान लावून. मी अध्यक्षांना विचारलं, “तुम्हाला स्वतःला कुठला आवडला?” ते म्हणाले, “तो मुद्दा नाही.” मी म्हटलं, “मग आपल्याला इथे कशाला बोलावलं आहे?” माझा आवाज चढला होता. चढला तर चढला.

चहाला बाहेर आलो. रिसॉर्टचे मालक कप घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आत ते शुद्ध मराठीत बोलत होते, बाहेर आल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, “बाईनू, खरा सांगू? माका पण काजूचोच आवडलो. माझी आवस काजीच्या कारखान्यात होती. तिचे हात असेच.”

मी म्हटलं, “मगे तुमचा मत तेका द्या. दोघांचा झाला म्हणजे झाला.”

ते कपात बघत राहिले. “तेका खंय काय मिळाचा नाय, बाईनू. उद्या पेपरात आपला हसां होतला.”

कपात बघणारा तो माणूस वाईट नव्हता. त्याला आईचे हात आठवत होते. त्याला दिसलं होतं, आवडलं होतं, आणि त्याचं एक मत पडलं असतं तर निकाल फिरत होता. पण त्याने आत जाऊन समुद्राला मत दिलं. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं, हे मला तिथेच कळलं. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला कशाचंच काही वाटत नसेल, म्हणून तुम्ही दुसऱ्या रकान्यात लिहिलं नाही. आता वाटतं, वाटत असेल. तुमच्याही मनाचा एखादा सिनेमा असेल. माझा निबंध तुम्ही वाचला होता हे आईने मला नंतर सांगितलं, दोनदा वाचला म्हणाली. म्हणजे मी जावं असंही तुम्हाला वाटलं असेल. तर मग राग कमी व्हायला हवा. तो वाढला. काही वाटलंच नसतं तर मी तुम्हाला माफ करून टाकलं असतं.

आणि तुमचा अंदाज कदाचित खराही असेल. त्यांनी मला घेतलं नसतं, माझं इंग्रजी कच्चं होतं, मी मालवणच्या बाहेर फारशी गेले नव्हते. पण ते ‘नाही’ मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढा माझा हक्क होता. तुमच्या सगळ्या अंदाजांचे निकाल लागले, या एकाचा कधी लागलाच नाही, आणि तरी तुम्ही तो बरोबर धरलात.

आत गेल्यावर अध्यक्षांनी मजकूर वाचून दाखवला, ‘निवड समितीने एकमताने’. मी म्हटलं, “एकमताने हा शब्द काढा.” ते म्हणाले, असं लिहिण्याची पद्धत आहे. मी म्हटलं, “मग माझी सही नाही.” मी पेन टेबलावर ठेवलं. शेवटी शब्द काढला. तेवढंच मला करता आलं. संध्याकाळी निकाल वाचला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नसेल की एक शब्द कमी आहे.

टाळ्या संपल्यावर आरोंद्याची ती सून मला शोधत आली. बरोबर सासू होती, इस्त्रीचं लुगडं नेसलेली. सून म्हणाली, “बाईनू, केरळात एक महोत्सव आसा. थंय धाडूचो म्हणतंय. तुमका काय वाटता, बक्षीस मिळात काय?”

अण्णा, मला उत्तर माहीत होतं. मी तुमची मुलगी आहे. कॅमेरा हलतो, मोठं नाव नाही, माणसं हसतात. तुमचं वाक्य जिभेवर तयार होतं आणि ते बहुधा बरोबरच ठरलं असतं. मी म्हटलं, “माका ठाऊक नाय. तू धाड.” मग मी तिला तो अंगठा उताणा करून बघण्याबद्दल सांगितलं, तिथे ती कुठे कापते आणि का तिथेच कापायला हवं होतं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. सासूने विचारलं, “काय म्हणतत गो?” सून म्हणाली, “तुमचा काम आवडला म्हणतत.” सासू म्हणाली, “काम कसला, आमी नुसती हसलंव.” आणि दोघी आरोंद्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून घाईने स्टँडकडे निघाल्या.

हे इथपर्यंत लिहिताना मला वाटलं होतं की राग ओसरेल आणि शेवटी काहीतरी मऊ लिहिता येईल. तसं झालेलं नाही. हे कागद मी कुठे पाठवणार नाही आणि घरात कोणाला दाखवणारही नाही. भावाला दाखवले तर तो म्हणेल, अण्णांनी तुझं काय वाईट केलं?

एक गोष्ट मात्र राहिली. ती मी समितीतही सांगितली नाही आणि तुम्हालाही सांगणार नव्हते. त्या समुद्राच्या सिनेमात म्हातारा शेवटपर्यंत मुलाला जाऊ देत नाही. मुलाला बोटीवरच्या नोकरीसाठी गाव सोडायचं असतं आणि म्हातारा रोज नवीन कारण काढतो. मग एका पहाटे तो मुलाच्या आधी उठतो, त्याची पिशवी स्वतः होडीत ठेवतो, दोर सोडतो आणि होडी पाण्यात ढकलतो. म्हणतो, “जा.” त्या नटाला आपली बोली येत नव्हती, त्याचं एक वाक्य धड नव्हतं. पण तेवढा एक शब्द त्याने नीट म्हटला. खोलीत अंधार होता. शेजारचे दोघे कागदावर गुण मांडत होते. मी रडत होते, अण्णा.